लिनक्समध्ये डिस्क एन्क्रिप्शन उशिरा का आले

लिनक्स बसवताना संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय आज सहज समोर येतो. मात्र नव्वदच्या दशकात लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, ही सोय नव्हती, आणि त्याचे कारण तंत्रापेक्षा कायद्यात होते. अमेरिकेच्या निर्यात नियमांनुसार प्रबळ एन्क्रिप्शन १९९६ पर्यंत शस्त्रसामग्रीच्या यादीत मोडत असे, आणि त्यानंतरही त्यावर निर्बंध होतेच. त्यामुळे एन्क्रिप्शनचा कोड अमेरिकेबाहेर ‘इंटरनॅशनल कर्नल पॅच’ (मूळ कोडला जोडायचा बदलसंच) म्हणून वेगळा सांभाळला जाई आणि वापरणाऱ्याला आपल्या आवृत्तीला जुळणारा पॅच शोधून कर्नल स्वतः कंपाइल करावे लागे.

जानेवारी २००० मध्ये खुल्या सोर्स कोडवरील निर्बंध सैल झाले. २००२ मध्ये जेम्स मॉरिस आणि डेव्हिड मिलर यांच्या कामातून क्रिप्टो एपीआय, म्हणजे कर्नलच्या इतर भागांना वापरता येणारा एन्क्रिप्शनचा सामाईक संच, कर्नलच्या २.५ या विकासशाखेत आला. तो मुख्यतः आयपीसेकसाठी, म्हणजे नेटवर्कवरील माहिती एन्क्रिप्ट करण्यासाठी, हवा होता. डिस्कला त्याचा लाभ ओघाने मिळाला.

त्यावर उभ्या राहिलेल्या क्रिप्टोलूप या डिस्क एन्क्रिप्शनच्या सोयीत एक गंभीर उणीव होती. प्रत्येक सेक्टरचे (डिस्कवरील छोट्या कप्प्याचे) प्रारंभमूल्य, म्हणजे एन्क्रिप्शनची सुरुवात ज्या मूल्याने होते ते, त्या सेक्टरच्या क्रमांकावरूनच ठरत असल्याने, मुद्दाम रचलेली फाइल डिस्कवर आहे की नाही, हे किल्ली नसतानाही ओळखता येत असे. मार्च २००४ मध्ये, २.६.४ आवृत्तीत, ख्रिस्तोफ साउट यांचे डीएम-क्रिप्ट हे डिस्क एन्क्रिप्शनचे नवे मोड्यूल आले आणि रचना सुटसुटीत झाली, परंतु हा दोष लगेच गेला नाही. क्लेमेन्स फ्रुविर्थ यांच्या ईएसएसआयव्ही पद्धतीत सेक्टर क्रमांकच मुख्य किल्लीच्या हॅशने (किल्लीवरून गणिताने काढलेल्या मूल्याने) एन्क्रिप्ट केला जातो, त्यामुळे प्रारंभमूल्याचा अंदाज बांधता येत नाही. पुढे २००८ च्या २.६.२४ आवृत्तीत एक्सटीएस ही डिस्कसाठीची एन्क्रिप्शन पद्धत आली.

फ्रुविर्थ यांचेच लक्स, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर किल्ल्या साठवण्याची मांडणी, हे मला या इतिहासातील सर्वांत विचारपूर्वक काम वाटते. पूर्वी किल्ली थेट पासफ्रेजवरून (वापरणाऱ्याच्या लांब पासवर्डवरून) तयार होई, म्हणून पासफ्रेज बदलायची तर सारी डिस्क नव्याने एन्क्रिप्ट करावी लागे. लक्सने यादृच्छिक मास्टर की घेतली आणि ती हेडरमधील (डिस्कच्या सुरुवातीच्या भागातील) आठ खणांत वेगवेगळ्या पासफ्रेजने बंद करण्याची सोय केली. पण खण पुसला तरी डिस्क खराब सेक्टरचा मजकूर परस्पर दुसरीकडे हलवते आणि जुनी प्रत मागे राहू शकते. म्हणून किल्ली साठवण्यापूर्वी चार हजार तुकड्यांत अशी पसरवली जाते, की त्यांपैकी थोडा भाग जरी नष्ट झाला तरी उरलेल्यातून ती परत मिळत नाही.