कॅनडाची निवडणूक पद्धत बदलण्यासाठी संसदेकडे पिटिशन: कोण करू शकतं, काय लागतं, उत्तर कधी मिळतं

2019 च्या कॅनडाच्या निवडणुकीत कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला देशभरात लिबरलपेक्षा जास्त मतं पडली, 34.3 टक्के विरुद्ध 33.1. जागा मात्र लिबरलना 157 आणि कॉन्झर्व्हेटिव्हना 121. एनडीपी (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) या पक्षाला सुमारे 16 टक्के मतांवर 24 जागा मिळाल्या, तर फक्त क्वेबेकमध्ये लढणाऱ्या ब्लॉक क्वेबेक्वाला त्याच्या निम्म्याहून कमी मतांवर 32. रायडिंगमध्ये, म्हणजे मतदारसंघात, ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून आला आणि बाकीची मतं गेली, अशी ही पद्धत. ती बदलू, असं आश्वासन लिबरल पक्षाचे तेव्हाचे नेते जस्टिन ट्रूडो यांनी 2015 मध्ये दिलं होतं. फेब्रुवारी 2017 मध्ये त्यांच्या सरकारने ते सोडून दिलं. आजही ज्यांना हा बदल हवा आहे, त्यांच्या हातातला एक अधिकृत मार्ग म्हणजे हाऊस ऑफ कॉमन्सकडे, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे, पिटिशन (सह्यांची लेखी विनंती) करणं.

कोण करू शकतं

कॅनडाचा नागरिक किंवा कॅनडाचा रहिवासी. वयाची अट नाही. आपल्याकडच्या अनेकांना वाटतं की मतदानाचा हक्क नाही म्हणजे सहीचाही नाही. तसं नाही. मत द्यायला नागरिकत्व लागतं, पण पिटिशनचा नियम रहिवाशालाही चालवून घेतो, त्यामुळे पीआरवर (कायम वास्तव्याच्या परवान्यावर) राहणाऱ्यांनी मागे राहायचं कारण नाही. शाळकरी मुलंही सही करू शकतात. परदेशात राहणाऱ्या कॅनडाच्या नागरिकालाही हा हक्क आहे.

मागणी कशी लिहायची

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मजकूर इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये हवा आणि त्यात काहीतरी करण्याची किंवा न करण्याची स्पष्ट विनंती हवी. नुसती तक्रार लिहिली तर ते पिटिशन ठरत नाही. ई-पिटिशनला 250 शब्दांची मर्यादा आहे. भाषा सभ्य हवी आणि विषय केंद्राच्या अखत्यारीतला हवा. प्रांताच्या विधानसभेची निवडणूक कशी व्हावी हा प्रश्न ओटावाकडे, म्हणजे केंद्राकडे, नेता येत नाही. ब्रिटिश कोलंबियाने 2018 मध्ये या विषयावर जे सार्वमत घेतलं, ते प्रांताचं होतं.

‘लोकशाही अधिक न्याय्य करा’ असं लिहिलंत तर ‘सरकार लोकशाहीशी बांधील आहे’ असं उत्तर येईल आणि विषय संपेल. त्याऐवजी साधारण या अर्थाचं लिहा: ‘आम्ही खाली सह्या करणारे हाऊस ऑफ कॉमन्सला विनंती करतो की, प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची कोणती पद्धत स्वीकारावी हे सुचवण्यासाठी सोडतीने निवडलेल्या नागरिकांची सभा नेमावी.’ (प्रमाणशीर प्रतिनिधित्व म्हणजे पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा.) अशा मागणीला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

ऑनलाइन पिटिशन

हाऊस ऑफ कॉमन्सच्या पिटिशन संकेतस्थळावर खातं उघडायचं. नाव, पत्ता, फोन, ईमेल एवढं पुरतं. पासपोर्ट किंवा पीआर कार्ड जोडावं लागत नाही. मग किमान पाच पाठीराख्यांची माहिती भरायची. त्यांना ईमेल जातो आणि त्यांनी पाठिंबा कळवल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही, म्हणून त्यांना आधीच फोन करून स्पॅम फोल्डर बघायला सांगा.

त्यानंतर एका खासदाराची संमती लागते. तो तुमच्याच रायडिंगचा असायला हवा असं नाही. खासदाराने नकार दिला किंवा 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर दुसरा निवडता येतो, पण त्यालाही मर्यादा आहे. म्हणून नाव भरण्याआधी त्यांच्या कार्यालयाशी बोलून घ्या. संमती दिली म्हणजे खासदाराला मागणी मान्य आहे, असा अर्थ होत नाही. हे सांगितलं की काही कार्यालयं लवकर तयार होतात.

तपासणी आणि भाषांतर झाल्यावर पिटिशन 30, 60, 90 किंवा 120 दिवस सह्यांसाठी खुलं राहतं. मुदत तुम्ही ठरवायची. 500 वैध सह्या हव्यात. सही करणाऱ्याने ईमेलमधल्या दुव्यावर जाऊन खात्री केली तरच ती सही धरली जाते. सह्या करणाऱ्यांची नावं संकेतस्थळावर दिसत नाहीत, पिटिशन सुरू करणाऱ्याचं नाव मात्र दिसतं.

कागदी पिटिशन

माझ्या मते या विषयासाठी हाच मार्ग जास्त कामाचा आहे, आणि लोक त्याकडे उगाच दुर्लक्ष करतात. इथे 25 वैध सह्या पुरतात. 2016-17 मध्ये निवडणूक सुधारणेच्या ई-616 या ऑनलाइन पिटिशनवर 1,30,000 हून जास्त सह्या झाल्या होत्या आणि सरकारने लेखी उत्तर देणं बंधनकारक होतं. 25 सह्यांच्या कागदालाही तोच हक्क मिळतो. शंभर रायडिंगमधून शंभर कागद गेले, तर तितक्याच खासदारांना सभागृहात उभं राहून हा विषय मांडायची संधी मिळते.

साधा लेटर किंवा लीगल आकाराचा कागद घ्या. पहिल्या पानावर पूर्ण मजकूर आणि पुढच्या प्रत्येक पानावर विषय लिहा. प्रत्येकाने आपलं नाव लिहून स्वतःच्या हाताने सही करायची. घरातल्या चौघांच्या सह्या एकाने केल्या तर चालत नाही. पत्त्यात शहर आणि प्रांत, किंवा प्रांत आणि पोस्टल कोड लिहिला तरी पुरे. मजकुरात खाडाखोड नको. सह्यांची झेरॉक्स ग्राह्य धरत नाहीत, मूळ कागदच द्यावा लागतो. सह्या घेण्याआधी मसुदा खासदाराच्या कार्यालयाला दाखवून घ्या, नाहीतर चूक निघाली की सगळ्या सह्या पुन्हा गोळा कराव्या लागतात. ओटावाला हाऊस ऑफ कॉमन्सच्या पत्त्यावर खासदाराला पत्र पाठवायला तिकीट लागत नाही.

पुढे काय होतं

पिटिशन प्रमाणित झालं की खासदार ते सभागृहात सादर करू शकतो. तसं करणं त्याच्यावर बंधनकारक नाही आणि त्या वेळी चर्चा होत नाही. सादर झाल्यापासून 45 दिवसांत सरकारने उत्तर द्यायचं असतं. दिलं नाही तर न देण्याचा प्रश्न स्थायी समितीकडे जातो. उत्तर संकेतस्थळावर सगळ्यांना वाचता येतं.

संसद विसर्जित झाली तर खुलं असलेलं ई-पिटिशन तिथेच बंद पडतं आणि नव्या संसदेत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. निवडणूक जवळ आल्याची चर्चा असेल तर 120 दिवसांची मुदत घेऊ नका.