इंटेलिजन्स (जुन्या इंग्रजी वृत्तपत्रांतील वापर)

इंग्रजी वृत्तपत्रांत सतराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ‘इंटेलिजन्स’ हा शब्द ‘बातमी’ या अर्थाने सर्रास छापला जाई. आज तो वाचला की बुद्धिमत्ता, गुप्तहेर खाते किंवा संगणकाची कृत्रिम बुद्धी आठवते. जुन्या अंकांत मात्र ‘लेटेस्ट इंटेलिजन्स’ म्हणजे साध्या ‘ताज्या बातम्या’, आणि ‘मेलँकली इंटेलिजन्स’ म्हणजे बहुधा कुणाच्या तरी मृत्यूची खबर.

शब्दाचे मूळ लॅटिन असून त्या क्रियापदाचा अर्थ समजणे, उमगणे असा आहे. समजण्याची शक्ती ती इंटेलिजन्स आणि जे समजले तेही इंटेलिजन्स, असे दोन्ही अर्थ इंग्रजीत शेजारी शेजारी नांदले. मराठी वाचकाला हे नवखे वाटू नये. आपली वृत्तपत्रेही ‘असे समजते’ म्हणूनच बातमी देतात.

या शब्दात बातमी आणि हेरगिरी पहिल्यापासून एकत्र होत्या. क्रॉमवेलच्या राजवटीत १६५५ साली इंग्लंडमधील बाकीची वृत्तपत्रे बंद पाडण्यात आली आणि पत्रकार मार्चमाँट नीडमची दोनच पत्रे उरली. त्यांपैकी एक ‘मर्क्युरियस पोलिटिकस’ आणि दुसरे त्याच वर्षी निघालेले ‘पब्लिक इंटेलिजन्सर’. या पत्रांवर देखरेख होती ती क्रॉमवेलचा सचिव जॉन थर्लो याची, आणि हेरांचे जाळेही त्याच्याच हाती होते. शत्रूच्या गोटातून आलेली खबर आधी त्याच्या टेबलावर पडे. त्यातले काय लोकांना सांगायचे, हे तिथेच ठरे. ‘इंटेलिजन्सर’ म्हणजे खबर आणणारा. तो बातमीदार की हेर, हे संदर्भावरून ओळखायचे. मराठीतही ‘बातमीदार’ हा शब्द पूर्वी हेरालाच लावत.

एकोणिसाव्या शतकात या शब्दाखाली स्वतंत्र रकाने थाटले गेले : सैन्य आणि आरमाराचा, खेळांचा, न्यायालयांचा. सर्वांत नेमाने चालला तो ‘शिपिंग इंटेलिजन्स’. वरवर पाहिले तर हा रकाना रुक्ष वाटतो : बंदराचे नाव, वाऱ्याची दिशा, आलेली आणि सुटलेली जहाजे, कप्तानांची आडनावे. पण त्यातच ‘स्पोकन’ अशी एक नोंद असे. भर समुद्रात दोन जहाजे जवळून गेली की एकमेकांची नावे विचारून घेत. त्यांपैकी एखादे बंदराला लागले की दुसरे कोणत्या अक्षांश-रेखांशावर दिसले, ते छापून येई. महिनोन्‌महिने पत्र नसलेल्या खलाशाच्या घरी ती एक ओळ म्हणजे माणूस जिवंत असल्याची खूण होती. माल भरून पैसे गुंतवलेला व्यापारी आणि विमा उतरवणारा हेही तीच ओळ शोधत. मला जुन्या वृत्तपत्रांतला हा सर्वांत माणुसकीचा रकाना वाटतो.

त्या काळी इंटेलिजन्स ‘येई’, ‘पोहोचे’, ‘आणली जाई’. कारण ती खरोखरच कुणीतरी उचलून आणत असे. ट्रफाल्गरची लढाई २१ ऑक्टोबर १८०५ रोजी झाली. ‘पिकल’ या लहानशा जहाजाचा अधिकारी लापेनोतिएर ब्रिटिश आरमाराच्या विजयाचा आणि त्याचा सेनापती नेल्सन याच्या मृत्यूचा खलिता घेऊन ४ नोव्हेंबरला फाल्मथला उतरला. घोडे बदलत तो ६ नोव्हेंबरच्या पहाटे लंडनला पोहोचला आणि लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये ती बातमी ७ तारखेला आली. इतक्या कष्टाने हाती येणाऱ्या गोष्टीला वजनदार नाव मिळाले, यात नवल नाही.

हिंदुस्थानचा संबंधही थेट आहे. १८१६ पासून लंडनहून निघणाऱ्या ‘एशियाटिक जर्नल’मध्ये ‘एशियाटिक इंटेलिजन्स’ हा विभाग असे आणि त्यात कलकत्ता, मद्रास, मुंबई अशा मथळ्यांखाली इकडच्या बातम्या येत. त्या काळातल्या मुंबईचा अभ्यास करणाऱ्याने या विभागाला हेरखात्याचा अहवाल समजू नये. नेमणुका, लग्ने, मृत्यू, जहाजांची ये-जा अशा उघड बातम्याच तिथे मिळतात.

पुढे तारयंत्र आले, बातमी झटपट मिळू लागली आणि रोजच्या वापरात ‘न्यूज’ या आखूड शब्दाने बाजी मारली. वर्तमानपत्रातून हटलेला इंटेलिजन्स लष्कर आणि पोलिसांकडे गुप्त माहितीच्या अर्थाने टिकला. १९०४–०५ च्या सुमारास स्पिअरमन आणि बिने या मानसशास्त्रज्ञांच्या कामातून बुद्धिमापन सुरू झाले आणि बुद्धीचा अर्थ बळावला. मराठीने मात्र बातमीचा धागा सोडला नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या गुप्त माहिती गोळा करणाऱ्या शाखेला ‘राज्य गुप्तवार्ता विभाग’ म्हणतात, आणि त्यातली ‘वार्ता’ वार्ताहराचीच आहे.

इंग्रजीत जुना अर्थ आता मुख्यतः वृत्तपत्रांच्या नावांत उरला आहे. अमेरिकेत व्हीलिंग शहराचे ‘इंटेलिजन्सर’ १८५२ पासून निघते. सिअ‍ॅटलच्या ‘पोस्ट-इंटेलिजन्सर’ने २००९ साली छापील अंक थांबवला, पण संकेतस्थळावर नाव तेच ठेवले.