हवेला निघायची वाट

सांगलीतल्या एका अभ्यासिकेत परवा दुपारभर बसलो होतो. वीस मुलं, एसी चालू, खिडक्या घट्ट बंद. गारवा छान, तरी तासाभरात जांभया सुरू झाल्या. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, खोलीतलीच गार करून फिरवत राहतो. आपण सोडतो त्या श्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे 4 टक्के असतो, बाहेरच्या हवेत जेमतेम 0.04 टक्के. बसून वाचणाऱ्या प्रत्येकाला सेकंदाला आठेक लिटर ताजी हवा मिळाली, तर खोलीतलं प्रमाण 0.1 टक्क्याच्या आसपास राहतं.

मग एसी बंद करून पश्चिमेची खिडकी उघडली. तिच्याजवळ उदबत्ती धरली, तर धूर सरळ वर! समोरच्या दारावरची झडप उघडली मात्र, धूर वाकला आणि खोली ओलांडून तिकडे निघाला. हवेला शिरायला जागा हवी, तशी निघायलाही हवी. घर बांधताना नेमकं हेच राहून जातं.

वारा पडलेला असतो तेव्हा निघायची वाट उंचावर असलेली बरी, कारण तापलेली हवा हलकी होऊन वर चढते. आपल्याकडच्या माळवदाच्या घरांत चुलीचा धूर छताच्या सान्यातून, म्हणजे छतात ठेवलेल्या झरोक्यातून, जायचा, तो असाच. पण दोन्ही वाटांमधलं उंचीचं अंतर चौपट केलं, तरी ओघ दुप्पटच होतो. शिवाय उष्ण प्रदेशात आतल्या-बाहेरच्या तापमानात फरक थोडा. म्हणून माझं मत असं, की आपल्या घरांनी मुख्य भिस्त समोरासमोरच्या खिडक्यांवर ठेवावी, आणि पावसातही त्या उघड्या राहतील एवढा रुंद छज्जा घालावा.

खरी अडचण पावसाळ्यात एसी लावल्यावर येते. 28 अंशांच्या, 90 टक्के आर्द्रतेच्या हवेत दर घनमीटरला सुमारे 24 ग्रॅम पाणी असतं. खोलीत 24 अंश आणि 55 टक्के हवं असेल, तर त्यातलं निम्मं काढावं लागतं. वीस मुलांच्या ताज्या हवेपुरतं हे पाणी तासाला सात लिटरच्या घरात जातं! गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटकन गार करून थांबतो, ओल तशीच राहते आणि भिंतींना कुबट वास येतो. ताज्या हवेचा पंखा कुठे बसणार आणि ओल कोण काढणार, हे नकाशा कागदावर असतानाच ठरवायला हवं.

त्या अभ्यासिकेत आता दर तासाला दहा मिनिटं एसी बंद ठेवून खिडकी आणि झडप दोन्ही उघडतात.