बेळगावच्या ट्रंकांतले १२० रोलचे कॅमेरे

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात जुना मीडियम फॉरमॅट, म्हणजे १२० च्या रुंद रोलवर चालणारा, कॅमेरा शोधायला निघालं की ठरावीक नावंच पुन्हा पुन्हा समोर येतात. आग्फाचा क्लिक थ्री, एखादी याशिका, क्वचित रोलीफ्लेक्स किंवा रोलीकॉर्ड, रशियन ल्युबिटेल, नाहीतर बंद पडलेल्या स्टुडिओतून निघालेला एखादा जड ममिया. हॅसलब्लाड दिसलाच तर बहुधा मुंबईहून आलेला असतो. आपल्या लोकांनी आवडीने निवडून हे कॅमेरे घेतले, असं म्हणता येत नाही. कोणता रोल मिळत होता, सरकार कोणता माल देशात येऊ देत होतं आणि इथल्या स्टुडिओवाल्याचं पोट कोणत्या कामावर चालत होतं, यावरून ते ठरत गेलं. आज पैसे मोजण्याआधी ही मागची गोष्ट ठाऊक असली, तर समोरच्या कॅमेऱ्यात काय झिजलं असेल आणि काय शाबूत असेल याचा बराच अंदाज येतो.

सुरुवात रोलपासून करावी लागते. १२० चा रोल कोडॅकने १९०१ साली आपल्या ब्राउनी कॅमेऱ्यासाठी काढला. सुमारे ६ सेंटिमीटर रुंद फिल्म, तिच्या पाठीला कागद, कागदावर आकडे आणि कॅमेऱ्याच्या मागच्या लाल खिडकीतून ते आकडे पाहत रोल पुढे सरकवायचा. खिडकी पुढे गेली, आकडे मोजायला यंत्रणा आली, पण रोल तोच राहिला. कोडॅकने नंतर १२७ आणि ६२० असे आणखीही रोल काढले. त्यातला ६२० म्हणजे तीच फिल्म, फक्त रीळ बारीक. तो १९९५ साली बंद झाला. त्यामुळे आजोबांच्या ट्रंकेतला कोडॅक दुरुस्तीला टाकण्याआधी आतलं रीळ पाहावं. ६२० चं असेल तर दर वेळी अंधारात १२० ची फिल्म त्या रिळावर गुंडाळून घ्यावी लागते. १२७ चं असेल तर कॅमेरा कपाटात शोभेला ठेवावा हे बरं.

१२० च्या रोलवर ६×९ चे ८ फोटो निघतात, ६×७ चे १०, ६×६ चे १२, आणि ६×४.५ चे १५ किंवा १६. चौकोनी निगेटिव्ह प्रत्यक्षात ५६ मिलिमीटरचं असतं. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवरचं २४×३६ चं निगेटिव्ह घेतलं तर क्षेत्रफळात हे साडेतीन पटीहून मोठं भरतं. आजचा हौशी माणूस या आकारातून येणारी स्पष्टता पाहतो. इथल्या जुन्या स्टुडिओवाल्यांना त्याचा उपयोग वेगळाच होता. एक तर निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापता येई. निगेटिव्ह मोठं करून छापणारा एन्लार्जर नको, आणि वीज नसलेल्या गावातही काम भागे. दुसरं म्हणजे रीटचिंग. उतरत्या काचेवर निगेटिव्ह ठेवायचं, खालून उजेड घ्यायचा आणि टोकदार पेन्सिलीने चेहऱ्यावरचे देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं हलक्या हाताने बुजवायची. मुलगी दाखवण्यासाठी काढलेल्या फोटोत हे काम हमखास असे. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवर चेहरा इतका बारीक पडतो की तिथे पेन्सिल चालवणं जवळपास अशक्य. छोटे, हलके कॅमेरे आले तरी स्टुडिओंनी १२० सोडला नाही, त्यामागे ही पेन्सिल होती असं माझं ठाम मत आहे.

स्टुडिओबाहेरच्या कामासाठी डबल लेन्सचा कॅमेरा आला. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या फ्रांके आणि हायडेके कंपनीने १९२९ साली रोलीफ्लेक्स काढला. वरचं भिंग पाहायला, खालचं फोटोला. फोटो काढताना आरसा हलत नाही म्हणून आवाज नाही, हादरा नाही. शटर भिंगातच असल्यामुळे फ्लॅश कोणत्याही स्पीडला चालतो. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला रोलीफ्लेक्स वापरत, आणि तो काळ पाहिलेल्या प्रत्येक वृत्तछायाचित्रकाराला हे यंत्र परिचयाचं होतं. मात्र याची सवय लागावी लागते. कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत पाहायचं, आणि त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं.

घरातला जुना अल्बम याच नजरेने एकदा उघडून पाहा. चौकोनी फोटो, भोवती पांढरी किनार, आणि माणसं थोडी खालून पाहिल्यासारखी उंच, ताठ. नवरा-नवरी असोत की बेळगावच्या कॅम्पात मराठा लाईट इन्फंट्रीच्या केंद्रातून शिक्षण संपवून निघालेला जवान असो, सगळ्यांना तो रुबाब कमरेच्या उंचीवर धरलेल्या कॅमेऱ्याने दिला आहे.

जर्मन रोलीफ्लेक्स महाग. त्याच घडणीचा स्वस्त पर्याय जपानने दिला. याशिका-मॅट १९५७ साली आली. १२४ जी हे मॉडेल १९७० मध्ये आलं आणि १९८६ पर्यंत बनत राहिलं. त्यातलं ८० मिलिमीटर एफ ३.५ चं याशिनॉन भिंग चार काचांचं, जर्मनीच्या झाइस कंपनीच्या टेसार भिंगाच्या धाटणीचं. ममियाने सी मालिकेत भिंग बदलण्याची सोय केली, जी रोलीफ्लेक्सलाही नव्हती. पण हे सगळं दुकानात जाऊन घेण्याची वस्तू नव्हतं. परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर परवाने होते, जकात जबर होती, आणि १९९१ पर्यंत सामान्य माणसाला परदेशी कॅमेरा सरळ मार्गाने मिळणं दुरापास्तच होतं. आखातातून परतणाऱ्याच्या सामानातून, बोटीवरच्या नोकरदाराकडून, असा तो यायचा.

बेळगावला आणखी एक दार होतं. १९६१ पर्यंत घाटाखालचा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि तिथे घड्याळं, रेडिओ, फाउंटन पेन असा परदेशी माल मिळायचा. सीमेवरच्या घरांची नातीगोती दोन्हीकडे असल्यामुळे या मालाची ओळख इथे लवकर झाली. दुसरीकडे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य बदललं, कागदपत्रं बंगळूरच्या दिशेने जाऊ लागली, पण फोटोच्या धंद्याचं तोंड मुंबई-पुण्याकडेच राहिलं. रोल, कागद, केमिकल आणि दुरुस्ती यांसाठी कोल्हापूर, पुणे आणि मुंबईच्या फोर्टातला बोरा बाजार हाच रस्ता होता. या भागात निघणारे चांगले कॅमेरे अजूनही त्याच रस्त्याने फिरतात. म्हणून विक्रेता बेळगावचा असला तरी कॅमेरा पुण्यात किंवा मुंबईत कोणी उघडला होता का, हे विचारण्यात अर्थ आहे.

ज्यांना हे परवडत नव्हतं त्यांच्यासाठी देशी मार्ग होता. बडोद्याला बनलेला आग्फा क्लिक थ्री हा कित्येक मराठी घरांतला पहिला कॅमेरा. एकच शटर स्पीड, ऊन आणि ढग अशा खुणा, १२० च्या रोलवर १२ फोटो. आग्फाच्याच आयसोली कॅमेऱ्यात त्याच रोलवर ४×४ चे १६ निघत. सोव्हिएत संघाशी रुपयांत व्यापार चाले, त्यातून लेनिनग्राडचा ल्युबिटेल आला. तीन काचांचं साधं भिंग, अंधूक पडदा, पण किमतीच्या मानाने भला कॅमेरा. फिल्मची गरज भागवायला केंद्र सरकारने १९६० मध्ये उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी काढली, १९६७ पासून उत्पादन सुरू झालं आणि इंदू नावाचे कृष्णधवल रोल बाजारात आले. पुढे रंगीत ३५ मिलिमीटरच्या लॅब गावोगावी उघडल्या आणि १२० चा कारभार आटपत गेला. डिजिटलने उरलंसुरलं संपवलं.

आता आजची निवड. इथल्या बाजारात दोन प्रकारचे कॅमेरे येतात: स्टुडिओत राबलेले आणि घरात जपलेले. जपलेला घ्यावा असं वाटतं, पण माझा कल उलट आहे. स्टुडिओतला कॅमेरा रोज चाललेला असतो, वेळच्या वेळी त्याची साफसफाई झालेली असते. कातड्याचे कोपरे उडालेले, पितळ उघडं पडलेलं, तरी शटर सुटं चालतं. घरातला कॅमेरा चामडी केसमध्ये घालून ट्रंकेत ठेवलेला असतो, आणि खानापूर-जांबोटीच्या पावसात याहून वाईट जागा नाही. चामडं ओल धरून ठेवतं, ट्रंकेत वारा नाही, उजेड नाही. भिंगावर बुरशी धरायला एवढं पुरतं.

बुरशी ओळखणं अवघड नाही. मागचं झाकण उघडा, शटर बी वर लावून (या खुणेवर बटण दाबून धरलं तोवर शटर उघडं राहतं) उघडं धरा, भिंगाचं छिद्र पूर्ण मोठं करा आणि मोबाइलचा टॉर्च एका बाजूने तिरका मारत दुसऱ्या बाजूने पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. वरवरच्या काचेवर नुकतीच आलेली असेल तर भिंग उघडून पुसली जाते. जुनी असेल तर तिने काचेवरचा लेप खाल्लेला असतो, तो डाग जात नाही. डबल लेन्समध्ये वरच्या भिंगात बुरशी असली तर काही बिघडत नाही, ते फक्त पाहण्यासाठी आहे. पुष्कळ लोक याच कारणाने चांगला कॅमेरा नाकारतात, आणि वरचं भिंग लखलखीत पाहून खालचं न तपासता पैसे देणारेही तितकेच.

त्यानंतर शटर. ‘चालू हाय बघा’ म्हणून विक्रेता १/१२५ सेकंदावर खट् करून दाखवतो. तुम्ही एक सेकंद लावून मागा. आतलं तेल वाळून चिकट झालं की आधी हळू स्पीड अडकतात: एक सेकंदाचे दोन होतात, किंवा पातं अर्ध्यात थांबतं. साफसफाईने हे बहुधा सुटतं, पण तो खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे. कॅमेरा कधी आपटला असेल तर दोन्ही भिंगं धरणारी पुढची पट्टी किंचित तिरकी होते. फोकस सगळीकडे फिरवून ती चारी बाजूंनी सारखी पुढे येते का ते पाहा. हा तिरकेपणा सरळ करून घेणं मात्र सोपं नाही.

उजेड मोजणाऱ्या लाइट मीटरवर एक पैसाही जास्त देऊ नये. १२४ जी चा मीटर १.३५ व्होल्टच्या मर्क्युरी सेलवर चालायचा, ते सेल आता बनत नाहीत आणि साधा १.५ चा घातला की आकडा चुकतो. रोलीफ्लेक्सवरचे सेलेनियमचे मीटर तर बहुधा वयानेच मेलेले असतात. मोबाइलवरचं मीटर पुरेसं आहे.

बॅटरीचाच मुद्दा मोठ्या कॅमेऱ्यांत निर्णायक ठरतो. ममिया आरबी ६७ हा १९७० चा कॅमेरा पूर्ण यांत्रिक आहे. वजन अडीच किलोच्या आसपास, किल्ल्यावर नेण्याचा नाही, पण स्टँडवर ठेवून माणसांचे फोटो काढायला याच्या तोडीचं या किमतीत काही नाही. ब्रॉनिका ईटीआर किंवा पेंटॅक्स ६७ ची गोष्ट निराळी, त्यांचं शटर बॅटरीवर आणि आतल्या सर्किटवर अवलंबून असतं. ब्रॉनिका कंपनीच आता नाही. आपल्या उद्यमबागेत क्रँकशाफ्ट आणि हायड्रॉलिकचे सुटे भाग घडवणारी माणसं आहेत, एखादा स्क्रू किंवा रिंग ती लेथवर काढून देतील. जळलेलं सर्किट कोणी घडवून देणार नाही. हॅसलब्लाड ५०० सी १९५७ चा, ५०० सी/एम १९७० चा, दोन्ही यांत्रिक आणि दोन्ही देखणे. पण त्यांचं भिंग, पाठ (मागे जोडायचा रोलचा डबा) आणि बॉडी प्रत्येकाची सेवा वेगळी करावी लागते. पहिल्या कॅमेऱ्यासाठी तो मी सुचवणार नाही. पहिली घ्यावी ती याशिका-मॅट, बिनमीटरचीसुद्धा चालेल.

ममिया घेताना एक नक्की पाहा: पाठीवर १२० लिहिलंय की २२०. १९६५ साली आलेला २२० चा रोल दुप्पट लांब आणि पाठीला कागद नसलेला होता. आता तो मिळणं दुर्मिळ झालं आहे, आणि म्हणूनच २२० च्या पाठी स्वस्तात गळ्यात मारल्या जातात. कागदासकट येणाऱ्या १२० च्या रोलची जाडी आणि मोजणी त्यात धरलेली नसते. पाठीच्या कडेचा फोमही बोटाने दाबून पाहावा. चिकट काळा लगदा हाताला लागला तर तो बदलल्याशिवाय रोल घालू नये, प्रत्येक फोटोवर उजेडाचा पट्टा येईल.

आणि जिथून कॅमेरा घ्याल तो स्टुडिओ असेल तर निगेटिव्हच्या पेट्यांची चौकशी करा. कॅमेऱ्याला गिऱ्हाईक मिळतं, निगेटिव्ह रद्दीत जातात. सीमाभागातल्या तीन पिढ्यांची लग्नं, बारशी, शाळेचे वर्ग, मोर्चे आणि मिरवणुका त्या पेट्यांत आहेत, आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही.

रोल आजही इल्फर्ड, कोडॅक, फोमा बनवतात आणि ऑनलाइन मागवता येतात. रंगीत रोल धुवायला बाहेरगावी पाठवावा लागतो, पण कृष्णधवल घरी धुता येतो. डेव्हलपरचं ठरलेलं तापमान २० अंश. गरिबांचं महाबळेश्वर म्हणवणाऱ्या बेळगावात डिसेंबर-जानेवारीत ते गाठणं सोपं जातं, एप्रिलमध्ये मात्र टाकी बर्फाच्या पाण्यात ठेवावी लागते. कॅमेरा हातात आल्यावर पहिला रोल कृष्णधवलच घाला आणि त्याचे बाराही फोटो वेगवेगळ्या स्पीडला काढून वहीत लिहून ठेवा. कोणता स्पीड अडकतो हे त्या एका पट्टीवरून कळतं, आणि विक्रेत्याने परतीची मुदत दिली असेल तर ती संपायच्या आत कळतं.