मूत्रमार्ग नाडीव्रण

मूत्रमार्गाला फुटलेली आडवाट म्हणजे मूत्रमार्ग नाडीव्रण, रोजच्या बोलण्यात फिस्टुला. या वाटेचे दुसरे तोंड त्वचेवर, योनीत किंवा गुदाशयात उघडते आणि लघवी तिथून गळते.

त्वचेवर उघडणारा फिस्टुला लहान मुलांत बहुधा हायपोस्पॅडियासच्या शस्त्रक्रियेनंतर दिसतो. या जन्मजात दोषात मूत्रछिद्र शिश्नाच्या टोकाशी न येता खालच्या अंगाला, कधी वृषणकोशापाशी राहते. साधारण 200 ते 300 मुलग्यांत एकाला हा दोष असतो. शस्त्रक्रिया सहसा 6 ते 18 महिन्यांच्या वयात करतात. मूत्रमार्गाची नवी नळी घडवताना पुष्कळदा अग्रत्वचाच, म्हणजे शिश्नाच्या टोकावरची सैल कातडीच, वापरतात, म्हणून अशा बाळाची सुंता आधी करू नये, हे प्रत्येक पालकाला वेळीच कळायला हवे. अग्रत्वचेची नळी करून एकाच टप्प्यात दुरुस्ती करण्याची पद्धत आग्र्याचे शल्यचिकित्सक हरिशंकर असोपा यांनी 1971 मध्ये मांडली.

टाक्यांच्या रेषेवर रक्तपुरवठा कमी पडला किंवा जंतुसंसर्ग झाला, की बारीक छिद्र राहते. मूल लघवी करताना दोन धारा दिसतात. घरच्यांना ते लगेच बुजवून हवे असते, आणि ती घाई समजण्यासारखी आहे. पण जखमेचा कडकपणा जाऊन कातडी मऊ व्हायला निदान सहा महिने द्यावे लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे छिद्राच्या पुढचा मार्ग अरुंद तर नाही ना, हे आधी पाहणे. तो अरुंद राहिला तर लघवीच्या दाबाने शिवलेली जागा पुन्हा उघडते. छिद्र मिटवताना नळी आणि कातडी यांच्यामध्ये रक्तपुरवठा असलेल्या ऊतीचा एक थर घालतात व टाक्यांच्या रेषा एकमेकींवर येऊ देत नाहीत.

काही मुलगे गुदद्वाराविनाच जन्मतात आणि त्यांचे गुदाशय मूत्रमार्गात उघडते. अशा नवजात बाळाच्या लघवीत शी दिसते. ही खूण ओळखून त्याला तातडीने बालशल्यचिकित्सकाकडे न्यावे.

प्रौढ पुरुषांत मूत्रमार्गाचे जुने आकुंचन (मार्ग अरुंद होणे), गळू, क्षयरोग, अपघात किंवा दीर्घकाळ ठेवलेला कॅथेटर (लघवीची नळी) ही कारणे आढळतात. आकुंचनामागे तुंबलेली लघवी कधी वृषणकोश व गुदद्वार यांमधल्या भागात अनेक छिद्रे पाडते, आणि ती जागा झारीच्या तोंडासारखी गळू लागते. स्त्रियांत अडलेले बाळंतपण किंवा योनिमार्गातील शस्त्रक्रिया यांमुळे मूत्रमार्ग व योनी जोडली जातात.

मूत्रमार्गात रंजक द्रव्य सोडून काढलेल्या क्ष-किरण चित्रात वाट आणि आकुंचन दोन्ही दिसतात. लांब आकुंचनासाठी गालाच्या आतल्या अस्तराचे कलम लावतात. या शस्त्रक्रियेत पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णी यांचे काम जगभर ओळखले जाते.