हेलिकॉप्टर उतरवायचंय? परवानगी कोणाची, कागद कोणते

लग्नात नवरी हेलिकॉप्टरने आणायची हौस आता गावोगावी दिसते. त्यामुळे तहसील कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो, ‘आमच्या शेतात हेलिपॅडची परवानगी कोण देतं?’ आधी एवढं पाहा, की जागा एखाद्या कार्यक्रमापुरती हवी आहे की कायमची. दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत.

एक-दोन दिवसांपुरतं मोकळ्या मैदानात उतरायचं असेल तर ती तात्पुरती उतरण्याची जागा. तिला विमानतळासारखा परवाना लागत नाही. जागेच्या मालकाची संमती आणि स्थानिक प्रशासनाचं ना हरकत पत्र मात्र हवंच. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे करायचा. तिथून तो पोलीस, तहसीलदार आणि बहुतेक वेळा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे अभिप्रायासाठी जातो. ही टेबलं फिरायला वेळ लागतो, म्हणून पत्रिका छापायला टाकाल तेव्हाच अर्जही टाका.

एक गैरसमज मात्र फार पसरलेला आहे. जिल्हाधिकाऱ्यांचं पत्र मिळालं म्हणजे हेलिकॉप्टर उतरणारच, असं नाही. ते पत्र जमिनीपुरतं, कायदा-सुव्यवस्थेपुरतं. जागा सुरक्षित आहे का, हे ठरवण्याची जबाबदारी हेलिकॉप्टर चालवणाऱ्या कंपनीची आणि ऐनवेळी वैमानिकाची. वरून पाहून त्याने ‘नाही’ म्हटलं तर तिथे कोणाचंच चालत नाही, आणि चालूही नये. म्हणून कंपनी आधी ठरवा, अर्ज नंतर करा. भाड्याने उडणाऱ्या कंपनीकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीसीएचं, नॉन शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट (ठरावीक वेळापत्रकाशिवाय उडण्याचा परवाना) असावं लागतं. त्याची प्रत मागून घ्या. केंद्राच्या ‘हेलि सेवा’ पोर्टलवर उतरण्याच्या परवानगीसाठी ऑपरेटरला, म्हणजे या कंपनीला, ऑनलाइन अर्ज करता येतो, त्यामुळे तेही काम त्यांच्याकडेच सोपवा.

अर्जाला सहसा हे जोडतात: जागेचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मालकाचं संमतीपत्र (सातबाऱ्यावर चार नावं असतील तर चौघांचं), शाळेचं मैदान असेल तर संस्थेचं पत्र, जागेचा नकाशा, ऑपरेटरचं परमिट आणि विमा, हेलिकॉप्टरचा प्रकार व नोंदणी क्रमांक, वैमानिक व प्रवाशांची नावं, येण्याजाण्याच्या वेळा. अग्निशमन गाडी आणि रुग्णवाहिकेची सोय काय केली, तेही लिहा. जिल्ह्यानुसार यादी थोडी कमी-जास्त होते.

नकाशात अक्षांश-रेखांश द्यावे लागतात आणि घोळ नेमका इथेच होतो. मोबाइलवर दिसणारा आकडा दशांशात असतो, अर्जात बहुधा अंश, मिनिटं, सेकंद मागतात. 18.5 अंश म्हणजे 18 अंश 30 मिनिटं. कोणी ते 18 अंश 5 मिनिटं लिहून मोकळा झाला, तर जागा कागदावर सुमारे 46 किलोमीटर दक्षिणेला सरकते. मैदानाच्या मधोमध उभं राहून आकडा घ्या आणि ऑपरेटरकडून तपासून घ्या.

जागा किती हवी? हेलिकॉप्टरची पंखे फिरताना असलेली एकूण लांबी हे मूळ माप, त्याला ‘डी’ म्हणतात. बेल 407 किंवा एअरबस एच125 यांची ही लांबी सुमारे 13 मीटर. आंतरराष्ट्रीय नियमांत सुरक्षा क्षेत्र धरून जागेची प्रत्येक बाजू किमान दोन डी, म्हणजे या हेलिकॉप्टरांसाठी 26 मीटर. हे किमान झालं. ऑपरेटर जास्त मागतो आणि त्याचं ऐकावं.

चौकोनापेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्याच्या भोवतालचं आकाश. हेलिकॉप्टर लिफ्टसारखं सरळ वरून खाली येत नाही, तिरपं येतं आणि तिरपंच जातं. त्या वाटेवर विजेची तार, मोबाइल टॉवर, उंच झाड नको. 25 मे 2017 रोजी निलंग्यात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच खाली आलं, तेव्हा ते तारांत अडकलं होतं. 3 मे 2024 रोजी महाडला प्रचारासाठी आलेलं हेलिकॉप्टर उतरतानाच कोसळलं. म्हणून पाहणीला माणूस आला की त्याला तारा आपणहून दाखवा, लपवू नका.

जमीन कडक, सपाट हवी. आदल्या दिवशी आणि उतरण्याआधी पाणी मारा, नाहीतर धुळीत वैमानिकाला काहीच दिसत नाही. चुन्याने ठळक ‘एच’ काढा, वारा कळेल असं कापडी निशाण बाजूला लावा. मांडवाचं कापड, फ्लेक्स, प्लास्टिकच्या खुर्च्या जवळ नकोत, पंख्याचा वारा त्या उचलून फेकतो. गर्दीला दोरी बांधून लांब ठेवा. शेपटीकडचा पंखा फिरताना दिसतच नाही, त्यामुळे फोटोसाठी मागून कोणी धावणार नाही याकडे एका माणसाला नेमूनच ठेवा. वरून फुलं टाकायची असतील तर त्याची वेगळी परवानगी लागते. आणि लग्न गोरज मुहूर्तावर असेल तर हेलिकॉप्टर दुपारीच बोलवा, कारण अशा जागेवर अंधारात उतरता येत नाही.

कायमचं हेलिपोर्ट हे मात्र मोठं प्रकरण आहे. नियमित वापर म्हटला की डीजीसीए येतं, आणि वेळापत्रकानुसार सेवा चालवायची असेल तर परवानाच लागतो. भारतीय नागरिक, भारतात नोंदलेली कंपनी, नोंदणीकृत संस्था किंवा सरकार यांना तो मागता येतो. सार्वजनिक वापराचा की खासगी, हे अर्जातच सांगायचं. संरक्षण आणि गृह मंत्रालयाची मंजुरी, आसपासच्या उंचीबाबत भारतीय विमानतळ प्राधिकरणाची हरकत नसणं, पर्यावरणाची मंजुरी, जमिनीची मालकी, अडथळ्यांचं सर्वेक्षण, अग्निशमन व्यवस्था आणि कामकाजाची नियमपुस्तिका अशी फाइल त्यासाठी उभी करावी लागते. छतावरचं हेलिपॅड असेल तर इमारत तो भार पेलते का, याचा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखलाही लागतो. रुग्णालयाच्या हेलिपॅडवर पांढऱ्या क्रॉसमध्ये लाल ‘एच’ रंगवतात. ही खूण रुग्णालयांसाठीच राखीव आहे, हौसेखातर इतर कुठे काढू नये.