गजकर्ण की पिसवा? पिल्लाच्या अंगावरचा चट्टा परत परत का येतो

तिळ्या आमच्याकडे आला तेव्हा जेमतेम सात आठवड्यांचा होता. जुलैचा पाऊस, सोसायटीची मीटरची खोली, मांजराचं ओलंचिंब मूठभर पिल्लू आणि नाकावर तिळाएवढा काळा ठिपका. पंधरा दिवसांत त्याच्या डाव्या कानामागचे केस गेले. मलम लावलं, केस आले. महिन्याभराने तोच प्रकार डोळ्याच्या वर, मग शेपटीच्या मुळाशी बारीक खपल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "उष्णता झाली असेल गं." औषधाच्या दुकानातून खाजेची ट्यूब मिळाली. कुणी गजकर्ण म्हणालं, कुणी पिसवा चावल्या म्हणालं, आणि मी दोन्हींवर थोडे थोडे उपाय करत राहिले. त्यामुळे एकही पुरा झाला नाही.

मांजराच्या पिल्लांत सगळ्यात जास्त गल्लत होते ती याच दोन गोष्टींची. दोन्हींत केस जातात, दोन्हींत खपल्या धरतात, दोन्ही पावसाळ्यात जोर करतात आणि दोन्ही बऱ्या झाल्यासारख्या वाटून परत येतात. पण एक बुरशी आहे आणि दुसरा किडा. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, काही वेळा तर उलटतं.

आधी नावाबद्दल. इंग्रजीत गजकर्णाला 'रिंगवर्म' म्हणतात, म्हणून जंताचं औषध दिलं की जाईल असं पुष्कळांना वाटतं. त्यात जंत कुठेच नसतो. आपल्या गजकर्ण किंवा नायटा या शब्दांत ही भानगड नाही. मांजरांत हा आजार बहुतेक वेळा 'मायक्रोस्पोरम कॅनिस' नावाच्या बुरशीमुळे होतो. ती केसात शिरते, केस ठिसूळ होऊन त्वचेच्या जरा वर तुटतात, आणि दाढी केल्यानंतर दोन दिवसांनी राहावेत तसे खुंट उरतात. लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत साधारण १ ते ३ आठवडे जातात. म्हणजे आज दिसणारा चट्टा पिल्लू बहुधा येतानाच घेऊन आलेलं असतं. तिळ्याचं तसंच झालं.

पिसवांचं वेगळं. मांजरांवरची नेहमीची पिसू 'टेनोसेफॅलिडीस फेलिस'. ती चावते तेव्हा तिची लाळ त्वचेत जाते आणि खाज सुटते. काही मांजरांना पुढे त्या लाळेची ॲलर्जी होते, मग दोन-चार चावेही अंगभर खाजायला पुरतात. अगदी लहान पिल्लांत ही ॲलर्जी कमी दिसते, ती तयार व्हायला वेळ लागतो. पिल्लांना खरा धोका रक्त जाण्याचा. पाचशे-सहाशे ग्रॅमच्या जिवावर शंभर पिसवा असल्या तर त्याला रक्तक्षय होतो. हिरड्या गुलाबीऐवजी पांढुरक्या दिसल्या, पिल्लू गळून पडलं, की घरगुती उपाय बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

मग ओळखायचं कसं? पहिला प्रश्न एकच: खाजवतंय का? गजकर्णात खाज बहुधा कमी असते, कधी नसतेच. केस गेलेले, त्वचेवर राखेसारखा कोंडा, आणि पिल्लू मजेत खेळतंय. पिसवांत पिल्लाला स्वस्थता नसते. खेळता खेळता मध्येच थांबून मागच्या पायाने मान खाजवतं, झोपेतून उठून पाठ चावतं. दुसरा प्रश्न जागेचा. गजकर्ण सहसा तोंड, कान आणि पुढच्या पायांवर सुरू होतं. पिसवांचा त्रास मानेभोवती आणि शेपटीच्या मुळाशी. तिथे केसांतून बोटं फिरवली की राजगिऱ्याच्या दाण्यांसारख्या बारीक खपल्या हाताला लागतात, डोळ्यांना दिसायच्या आधीच. गोलाकार चट्टा म्हणजे गजकर्णच, असं मात्र नाही. मांजराने एकाच जागी चाटून केस काढले तरी तो भाग गोल दिसतो, आणि मांजरांतलं गजकर्ण माणसांसारखं सुबक कडं दरवेळी दाखवत नाही.

पिसवांसाठी घरच्या घरी होणारी एक तपासणी आहे आणि ती मला फार भरवशाची वाटते. उवा काढायची बारीक दातांची फणी घ्यायची. पिल्लाला पांढऱ्या कागदावर उभं करून शेपटीच्या मुळापासून मानेपर्यंत, मग पोटावर फणी फिरवायची. कागदावर काळे, स्वल्पविरामासारखे कण पडतात. ते मातीचेही असू शकतात. त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून मिनिटभर थांबायचं. माती काळीच राहते. पिसवांची विष्ठा असेल तर कणाभोवती तांबूस-तपकिरी रंग पसरतो, कारण ते पचलेलं रक्तच असतं. तिळ्याच्या कागदावर अशी अकरा तांबडी वर्तुळं उमटली होती. पिसू एकही दिसली नव्हती. मांजर अंग इतकं चाटून साफ करतं की पिसवा गिळल्याही जातात. गिळलेल्या पिसवेतून पट्टकृमी पोटात जातात आणि मग शेपटीखाली तांदळाच्या कण्यांसारखे तुकडे दिसतात. हे दिसलं तर तो पिसवा असल्याचाच आणखी एक पुरावा धरावा.

गजकर्णाला असा घरचा कागद नाही. त्यासाठी दवाखानाच लागतो. आमच्या डॉक्टरांनी खोलीतले दिवे मालवले, खिडकीचा पडदा ओढला आणि वूड्स लॅम्प नावाचा जांभळट उजेडाचा दिवा तिळ्याच्या कानाजवळ धरला. "ताई, त्वचेकडे नको, केसांच्या बुंध्याकडे बघा." चार-पाच तुटके केस कच्च्या सफरचंदासारखे हिरवे चमकत होते. कोंडा आणि मी लावलेलं मलमही चमकत होतं, पण निळसर पांढरं. घरी स्वस्तातला अतिनील टॉर्च मारून लोक फसतात ते इथे. आणि चमकलं नाही म्हणजे गजकर्ण नाही, असंही म्हणता येत नाही. म्हणून त्यांनी तो केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि वर कल्चरही लावलं, म्हणजे बुरशी वाढते का ते पाहायची चाचणी. कोरा टूथब्रश सगळ्या अंगावरून फिरवून पिवळ्या माध्यमाच्या ताटलीवर दाबायचा. बुरशी असेल तर पांढरी कापसासारखी वाढ होते आणि भोवतालचं माध्यम लाल होतं. याला दोन-तीन आठवडे लागू शकतात. नुसत्या लाल रंगावर विश्वास ठेवत नाहीत, इतर बुरशांनीही तो येतो. ती वाढ पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते.

म्हणजे तिळ्याला दोन्ही होतं. कानामागे गजकर्ण, शेपटीशी पिसवा. रस्त्यावरून आलेल्या पिल्लांत ही जोडी काही विरळ नाही, म्हणून एक सापडलं की शोध थांबवायचा नसतो.

आता परत परत येण्याबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त छळलं ते त्यानेच.

गजकर्ण परत येतं ते औषध लवकर थांबवल्यामुळे. निरोगी पिल्लाचं गजकर्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआपही बरं होऊ शकतं. म्हणून हळद, खोबरेल तेल, जे काही लावलं असेल त्याला यश आल्यासारखं वाटतं. केस उगवले की आपण सुटलो असं समजतो. पण केस उगवले तरी अंगावर बीजाणू असू शकतात. नुसत्या चट्ट्यावर मलम लावणंही अपुरं, कारण बुरशी न दिसणाऱ्या केसांतही असते. तिळ्याला पोटातून इट्राकोनॅझोल सुरू झालं, एक आठवडा औषध आणि एक आठवडा सुट्टी अशा पद्धतीने, आणि त्यासोबत सगळ्या अंगाला औषधी शाम्पू. मात्रा वजनावर ठरते आणि पिल्लाचं वजन दर आठवड्याला वाढतं, त्यामुळे माणसाची कॅप्सूल घरी फोडून देऊ नये. कधी थांबायचं ते कल्चर ठरवतं.

पिसवा परत येतात त्याचं कारण अंगावर नसतंच, घरात असतं. मादी पिसू दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते. ती गुळगुळीत अंडी मांजर जाईल तिथे सांडतात: गोधडीवर, सोफ्याच्या खाचेत, पलंगाखालच्या सतरंजीवर. अळ्या उजेडापासून पळतात आणि फटींत शिरतात. मग कोष. कोषातली पिसू महिनोन्‌महिने थांबू शकते आणि जवळपास कुणी चाललं, ऊब जाणवली की बाहेर पडते. गणपतीला गावी जाऊन आलं आणि बंद घरात पाऊल टाकताच घोट्यांना चावे सुरू झाले, असं ज्यांना अनुभवाला आलंय त्यांना हे लगेच पटेल. म्हणून एका मांजराला एकदा औषध लावून भागत नाही. घरातल्या प्रत्येक मांजर-कुत्र्याला, ठरलेल्या अंतराने, निदान तीन महिने. सोबत अंथरुणं धुऊन कडक उन्हात वाळवायची, कारण कोरड्या उष्णतेत अळ्या टिकत नाहीत. पावसाळ्यात ऊन नसतं, तिथेच आपलं अडतं. अशा वेळी व्हॅक्यूम क्लिनर खरोखर कामाचा.

घराची सफाई दोन्हींत लागते, पण गजकर्णात शत्रू केस आणि कोंडा हा असतो. रोज केस उचलायचे, फरशी साबणाच्या पाण्याने पुसायची. कपडे मशीन गच्च न भरता दोनदा धुतले की बीजाणू बऱ्यापैकी निघून जातात. पिल्लाला एका सहज पुसता येईल अशा खोलीत ठेवायला सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण दोन महिने एकट्याने कोंडलेलं पिल्लू माणसांना बुजरं होतं. याच वयात ते माणूस, आवाज, स्पर्श शिकतं. मी जुना कुर्ता फक्त त्या खोलीसाठी ठेवला होता. रोज सकाळ-संध्याकाळ तो घालून तिळ्याशी खेळायचं, नंतर हात धुवायचे.

ही काळजी घ्यायची ती आपल्यासाठीही, कारण गजकर्ण माणसांना होतं. माझ्या मनगटावर लाल, कडा उठलेलं वर्तुळ आलं होतं. घरात लहान मुलं, आजी-आजोबा किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारं कुणी असेल तर पिल्लू त्यांच्या अंथरुणात नको. पिसू माणसाला चावते, पण आपल्या अंगावर घर करत नाही. पिल्लाला चट्टा आणि घरातल्या कुणाला तसंच वर्तुळ, ही जोडी दिसली तर आधी गजकर्णाचा संशय घ्यावा.

काय करू नये हे मी मुद्दाम जोर देऊन सांगते. दुकानातल्या खाजेच्या पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉइड असतं. त्याने खाज आणि लाली दबते, पण बुरशी फोफावते. कानामागचा चट्टा डोळ्यावर गेला तो मला वाटतं त्यामुळेच. कुत्र्यांसाठीच्या पिसवांच्या थेंबांत परमेथ्रिन असेल तर ते मांजराला कधीही लावू नये. झटके येऊन मांजर मरू शकतं. घरात पेस्ट कंट्रोल करतानाही त्यात काय आहे ते विचारा आणि सगळं वाळून हवा खेळेपर्यंत मांजर बाहेर ठेवा. फिनाईल आणि डेटॉलसारख्या फिनॉलवर्गातल्या जंतुनाशकांचं विष मांजराच्या यकृताला नीट उतरवता येत नाही. ओल्या फरशीवरून चालून आलेलं मांजर पंजे चाटतं, तेवढंही बाधू शकतं. टी ट्री ऑइल तसंच. कडुनिंबाचं तेल 'नैसर्गिक' म्हणून लावतात, पण लावलेलं सगळं मांजर चाटून पोटात घेतं हे लक्षात ठेवा.

पिसवांचं औषध घेताना वेष्टनावरचं किमान वय आणि वजन वाचा. फार लहान पिल्लाला फणी आणि कोमट पाण्याने आंघोळ एवढंच चालतं. आंघोळीनंतर लगेच टॉवेलने कोरडं करून ऊब द्यायची.

या दोन्हींत बसत नाही असंही असतं. कानाच्या कडा जाड, खरबरीत होऊन पिल्लू वेड्यासारखं खाजवत असेल तर खरजेचे किडे. कानात कॉफीच्या चोथ्यासारखा मळ असेल तर कानातले किडे. फणी, दिवा, कल्चर सगळं कोरं आलं आणि खाज चालूच राहिली, तरच खाण्याच्या ॲलर्जीकडे वळायचं. आधीच महागडं खाणं बदलत बसू नका. खर्च झेपत नसेल तर जिल्ह्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय आहे. जाताना चट्ट्याचे तारीखवार फोटो न्या. चट्टा कुठून कुठे सरकला हे आपल्या आठवणीपेक्षा फोटो नीट सांगतात.

आमच्या घरातली थोरली मांजर, ठमी, तिला एकही चट्टा नव्हता. डॉक्टरांनी तिच्या अंगावरूनही टूथब्रश फिरवायला लावला, कारण अंगावर काहीही न दिसता मांजर बीजाणू वागवू शकतं. तिची ताटली पिवळीच राहिली. तिळ्याची पहिली ताटली लाल झाली होती, दुसरीही झाली, तिसरी दसऱ्यानंतर पिवळी राहिली आणि मग त्याच्या खोलीचं दार उघडलं. पांढऱ्या कागदावर फणी मात्र अजून दर रविवारी फिरते. गेल्या रविवारी कागदावर पडलेले तीन कण पाणी टाकल्यावरही काळेच राहिले.